नाण्यावर फक्त 'कॉन्स्टॅन' वाचता येतंय, पुढचं सगळं घासलंय, मग हा सम्राट नक्की कोणता?

हा प्रश्न इतक्या वेळा येतो की एकदा नीट लिहून ठेवते. चौथ्या शतकातलं छोटं रोमन तांब्याचं नाणं, नखाएवढं, डावीकडे 'कॉन्स्टॅन' स्वच्छ दिसतंय, डोक्याच्या वर पोचेपर्यंत अक्षरं गायब, उजवीकडे कुठेतरी 'ऑग' (ऑगस्टस, म्हणजे सम्राट, याचं छोटं रूप) असल्यासारखं वाटतंय, आणि वर्णनात सरळ लिहिलेलं असतं 'कॉन्स्टंटाइन द ग्रेट'. का, तर ते नाव सगळ्यांना माहितीये. आणि त्यातली बरीच नाणी त्याची नसतात, त्याच्या मुलांची असतात.

गोंधळ का होतो ते आधी बघा. एकाच घराण्यात कॉन्स्टॅन्शियस पहिला, त्याचा मुलगा कॉन्स्टंटाइन पहिला, म्हणजे ज्याला 'द ग्रेट' म्हणतात तो, मग त्याची तीन मुलं कॉन्स्टंटाइन दुसरा, कॉन्स्टॅन्शियस दुसरा आणि कॉन्स्टान्स, शिवाय पुतण्या गॅलस, जो सीझर, म्हणजे युवराज, झाल्यावर नाण्यावर स्वतःला कॉन्स्टॅन्शियसच म्हणवतो. आपल्याकडे नुसतं 'शाहू' म्हटलं की साताऱ्याचे की कोल्हापूरचे हे विचारावंच लागतं ना, इथे तर एका नावामागे सहा माणसं उभी आहेत आणि सगळ्यांची सुरुवातीची सात अक्षरं सेम टू सेम: सी ओ एन एस टी ए एन. म्हणजे जे वाचता येतंय त्याने काहीच ठरत नाही, जे वाचता येत नाहीये तिथेच उत्तर आहे.

(लेजंडमधली, म्हणजे नाण्याच्या कडेने कोरलेल्या मजकुरातली, अक्षरं मी इथे त्यांच्या इंग्रजी नावाने लिहितेय, आणि एक लक्षात ठेवा की नाण्यावर यू नसतो, त्याच्या जागी व्ही असतो.)

पहिली गोष्ट, नाणं घासू नका. चिंच नको, लिंबू नको, व्हिनेगर नको, तांब्याची भांडी घासायची पावडर तर अजिबात नको. या नाण्यांवरची अक्षरं कितीतरी वेळा मूळ धातूत नसून वरच्या पॅटिनाच्या, म्हणजे जुनेपणाने चढलेल्या, थरातच शिल्लक असतात, तो थर गेला की उरलेलं 'ऑग' पण गेलं आणि ते परत येत नाही. चकचकीत तांबूस नाणं हातात येतं आणि ओळख कायमची जाते, खूप वाईट वाटतं असं नाणं बघून. माती अडकली असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवून टूथपिकने हळू काढा, बास.

मग प्रकाश. वरून फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत काहीच दिसत नाही. खोलीत अंधार करा, नाणं काळ्या कापडावर ठेवा, मोबाइलचा टॉर्च जवळजवळ टेबलाला टेकवून आडवा मारा आणि नाणं न हलवता टॉर्च त्याच्याभोवती फिरवा. एखादं अक्षर फक्त एकाच कोनातून सावली टाकतं, बाकी वेळ ते तिथे नसतंच. प्रत्येक कोनातून एक फोटो घ्या, ब्लॅक अँड व्हाइट करून कॉन्ट्रास्ट वाढवा. बाकी एक १० पटीचं भिंग, दागिने तोलायचा छोटा काटा आणि व्यास मोजायला व्हर्नियर एवढं लागतं.

आता वाचायच्या आधी एक प्रश्न विचारा: हा सम्राट आहे तरी का? कारण ३३० मध्ये कॉन्स्टॅन्टिनोपल (आजचं इस्तंबूल) या नव्या राजधानीचं उद्घाटन झालं आणि त्या सुमारास शहराच्या नावाने भरपूर नाणी पाडली गेली. त्यांच्यावर लेजंड 'कॉन्स्टॅन्टिनोपोलिस', म्हणजे सुरुवात परत तीच कॉन्स्टॅन! पण डोक्यावर शिरस्त्राण असतं, चेहरा डावीकडे बघतो, खांद्यावर राजदंड, आणि मागे पंखवाली विजयदेवता जहाजाच्या टोकावर पाय ठेवून उभी, हातात ढाल. हे दिसलं तर शोध तिथेच संपला, ती एका शहराची प्रतिमा आहे, कोणाही राजाची नाही. तिची जोडीदार 'उर्ब्स रोमा', मागे लांडगीण आणि दोन बाळं, ती सहसा लगेच ओळखू येते.

सम्राटच असेल तर नाव बाजूला ठेवा आणि नाणं उलटं करा. माझं स्पष्ट मत आहे की अशा नाण्यावर मागची बाजू आधी वाचायची, कारण मागचं चित्र घासलं तरी ओळखू येतं आणि चित्रावरून साल कळतं, सालावरून निम्मे उमेदवार बाद होतात. आता हे जरा सविस्तर सांगते कारण खरं काम इथेच होतं.

दोन सैनिक समोरासमोर उभे आणि मध्ये ध्वज, ही 'ग्लोरिया एक्सरसिटस' नाणी सगळ्यात जास्त सापडतात. मध्ये दोन ध्वज असतील तर साधारण ३३० ते ३३५, व्यास १७-१८ मिलिमीटरच्या आसपास. एकच ध्वज असेल तर ३३५ नंतर साधारण ३४१ पर्यंत, नाणं लहान आणि हलकं, दीड ग्रॅमच्या जवळपास. दोन ध्वजांच्या काळात ऑगस्टस, म्हणजे मुख्य सम्राट, एकटा कॉन्स्टंटाइन पहिला होता आणि मुलं सीझर होती. त्यामुळे दोन ध्वज आणि लेजंडच्या शेवटी 'ऑग' हे दोन्ही नक्की असेल तर मग हो, तो बापच. एक ध्वज असेल तर इतकं सोपं नाही, कारण मे ३३७ मध्ये बाप वारला आणि सप्टेंबर ३३७ पासून तिन्ही मुलं ऑगस्टस झाली आणि तेच चित्र पुढे चालू राहिलं.

किल्ल्याच्या दारासारखं दिसणारं, वर दोन बुरूज आणि मध्ये तारा, ते साधारण ३२४ ते ३३०. त्याच्या मागच्या लेजंडमध्ये 'प्रोव्हिडेन्टिए' नंतर 'ऑग-जी' (ऑगस्टसचं अनेकवचन) आहे की 'सीएइएसएस' (सीझरचं अनेकवचन) आहे ते बघा, ऑग-जी असेल तर सहसा पुढे बाप असतो आणि सीएइएसएस असेल तर मुलगा.

दोन विजयदेवता समोरासमोर, हातात पुष्पचक्र, हे ३४७-३४८ चं आणि पश्चिमेकडच्या टाकसाळींचं. त्याच काळात पूर्वेकडे पानांच्या चक्रात 'व्होट एक्सएक्स मल्ट एक्सएक्सएक्स' असं लिहिलेली नाणी. इथे कॉन्स्टंटाइन शक्यच नाही! मोठा ३३७ मध्ये गेला आणि धाकटा ३४० मध्ये भाऊ कॉन्स्टान्सशी लढताना अ‍ॅक्विलियाजवळ मारला गेला. उरले फक्त कॉन्स्टॅन्शियस दुसरा आणि कॉन्स्टान्स. तरीही या नाण्यांवर 'कॉन्स्टंटाइन' लिहिलेलं सतत दिसतं.

सैनिक घोड्यावरून पडणाऱ्या शत्रूला भाल्याने मारतोय, ते 'फेल टेम्प रेपारातिओ', ३४८ पासून. मोठ्या आकाराचं असेल, चार-पाच ग्रॅमचं, तर दोन्ही भावांपैकी कोणीही असू शकतो. पण छोटं, १६-१८ मिलिमीटरचं असेल तर ते ३५० नंतरच्या वर्षांतलं आणि कॉन्स्टान्स जानेवारी ३५० मध्येच मारला गेला होता, म्हणून तो बाद. उरतात कॉन्स्टॅन्शियस दुसरा आणि गॅलस, आणि गॅलसच्या डोक्यावर काहीच नसतं, ना पानांचा मुकुट ना डायडेमची पट्टी, उघडं डोकं, त्यामुळे तो चेहऱ्यावरूनच वेगळा पडतो. एकटा सैनिक हातात गोळा आणि भाला घेऊन उभा, 'स्पेस रेइपुब्लिसे', हे ३५५ ते ३६१. गॅलसला ३५४ मध्येच मारलेलं. म्हणजे स्पेस अधिक कॉन्स्टॅन म्हणजे कॉन्स्टॅन्शियस दुसरा, पुढचं एक अक्षर न वाचता.

आणि नाणं खूपच मोठं असेल, २५ मिलिमीटरच्या वर, दहा ग्रॅमच्या जवळ, मागे हातात पात्र घेतलेला उघडा पुरुष, 'जेनिओ पोपुली रोमानी', तर तुम्ही अजून मागे गेलात, ३०० च्या आसपास. तिथे कॉन्स्टॅन्शियस पहिला असतो नाहीतर ३०६ नंतरचा तरुण कॉन्स्टंटाइन, आणि दोघांच्याही नावाआधी बऱ्याचदा 'एफएल व्हीएएल' (फ्लेवियस व्हॅलेरियस) येतं, त्यामुळे तिथेही नावाचं शेपूट वाचायलाच लागतं.

आता शेपूट. लेजंड डावीकडे खालून, घड्याळात सात वाजतात तिथून सुरू होतं, वर जातं, डोक्यापाशी तुटतं आणि उजवीकडून खाली उतरतं. 'ऑग'पासून उलटं मागे मागे यायचं. नावाचं शेवटचं अक्षर एस, ते तिघांचंही सेम. त्या एसच्या आधीचं अक्षर बघा: एन आहे की व्ही? एन असेल तर कॉन्स्टान्स, विषय संपला. व्ही असेल तर अजून एक घर मागे: तिथे आय असेल तर कॉन्स्टॅन्शियस, एन असेल तर कॉन्स्टंटाइन. बस, दोन अक्षरं. पूर्ण नाव वाचायची गरजच नाही.

फक्त एक लक्षात घ्या, डोक्यापाशी लेजंड कुठे तुटलंय त्यावर ही दोन अक्षरं डावीकडे आहेत की उजवीकडे ते ठरतं. कॉन्स्टान्सचं बऱ्याचदा 'कॉन्स्टॅन' डावीकडे आणि उजवीकडे एकटा एस मग पी एफ (पिउस फेलिक्स ही उपाधी) ऑग असं तुटतं, त्यामुळे मुकुटाच्या लगेच पुढे एस दिसला आणि त्याच्या आधी कसलीही जागाच नाहीये तर तो कॉन्स्टान्स. कॉन्स्टॅन्शियसचं 'कॉन्स्टॅन टी आय' पर्यंत डावीकडे आणि उजवीकडे व्ही एस पी एफ ऑग. कॉन्स्टंटाइनचं उजवीकडे एन व्ही एस आणि मग बहुतेक वेळा मॅक्स ऑग. घासलेल्या नाण्यावर एनच्या दोन उभ्या रेषा दिसतात आणि तिरकी रेष गायब होते, म्हणून ते दोन आय वाटतात किंवा एच वाटतो, आणि ए ला मधली आडवी रेष कितीतरी नाण्यांवर मुळातच नसते म्हणून तो उलटा व्ही वाटतो. अक्षराचे पाय नाण्याच्या मध्याकडे असतात हे डोक्यात ठेवलं की ए आणि व्ही ची अदलाबदल होत नाही.

ती दोन अक्षरं पण गेली असतील तर 'ऑग'च्या लगेच आधीचं एक अक्षर शोधा. एक्स असेल तर 'मॅक्स', म्हणजे कॉन्स्टंटाइन. एफ असेल तर 'पी एफ', आणि ३३० नंतरच्या छोट्या नाण्यांवर तो बहुतेक वेळा कॉन्स्टॅन्शियस नाहीतर कॉन्स्टान्स. आणि शेवटी ऑग नसून सी आहे, त्याआधी एन ओ बी, तर तो सीझर: 'आयव्हीएन नोब सी' म्हणजे कॉन्स्टंटाइन दुसरा, ज्युनियर. नावाआधी 'एफएल आयव्हीएल' आणि शेपटाला नोब सी असेल तर सहसा कॉन्स्टॅन्शियस दुसरा, सीझर असतानाचा. इथे डोकं पण मदत करतं, ग्लोरिया एक्सरसिटसच्या काळात ऑगस्टसच्या डोक्याला मण्यांची किंवा फुलांची पट्टी असते आणि मागे तिच्या गाठीची दोन टोकं लोंबतात, सीझरच्या डोक्यावर सहसा लॉरेलच्या पानांचा मुकुट असतो. भिंगातून पानं टोकदार दिसतात, मणी गोल दिसतात. चेहऱ्यावरून मात्र बापलेक ओळखायला जाऊ नका, या छोट्या नाण्यांवर ठसे कोरणाऱ्याने सगळ्यांना तोच एक चेहरा दिलाय.

अजून एक अडचण वेगळी सांगायलाच पाहिजे. डोकं पदराने झाकल्यासारखं, आणि मागे चार घोड्यांचा रथ वर चाललाय आणि आकाशातून एक हात खाली आलाय, किंवा मागे झाकलेली आकृती उभी आणि बाजूला 'व्हीएन एमआर', ही नाणी कॉन्स्टंटाइन द ग्रेटची खरी, पण त्याने पाडलेली नाहीत, तो वारल्यावर मुलांनी पाडलीत. पुढे लेजंड 'डीव्ही' ने सुरू होतं. वर्णनात 'मरणोत्तर' हा शब्द आलाच पाहिजे, नाहीतर साल चुकतं.

टाकसाळीची खूण, जी मागच्या बाजूला खालच्या पट्टीत असते, तिथे तर हेच नाव परत छळतं. आर्ल शहराचं नाव ३२८ मध्ये बदलून कॉन्स्टॅन्टिना ठेवलं, त्यामुळे तिथली खूण 'पीकॉन्स्ट', 'एसकॉन्स्ट' अशी येते आणि लोक ती कॉन्स्टॅन्टिनोपलची समजतात. म्हणजे फ्रान्समधलं नाणं तुर्कस्तानात जातं! साधी ओळख अशी: विभागाचं अक्षर आधी असेल, पी म्हणजे पहिला आणि एस म्हणजे दुसरा, तर आर्ल. 'कॉन्स' आधी आणि विभागाचं ग्रीक अक्षर नंतर, तर कॉन्स्टॅन्टिनोपल. बाकी एसएमके, एसएमएन, एसएमएच यांच्यात फक्त तिसरं अक्षर वेगळं, अनुक्रमे सिझिकस, निकोमिडिया, हेराक्लिया, तिथे अक्षर नीट दिसत नसेल तर टाकसाळ ठरवू नका.

एक उदाहरण घेऊ, अगदी नेहमी येतं तसं. व्यास १५ मिलिमीटर, वजन १.५ ग्रॅम, पुढे उजवीकडे बघणारं डोकं, मण्यांची पट्टी, डावीकडे कॉन्स्टॅन आणि पुढे धूसर. मागे दोन सैनिक, एक ध्वज, खाली 'एसआयएस'. एक ध्वज म्हणजे ३३५ ते ३४१. पट्टी म्हणजे ऑगस्टस, सीझर बाद. खालची खूण सिसिया, म्हणजे आजच्या क्रोएशियातलं सिसाक. उमेदवार चार: बाप आणि तीन मुलं. आडव्या प्रकाशात उजवीकडे डोक्याच्या लगेच पुढे व्ही आणि एस, त्याआधी काही नाही, आणि ऑगच्या आधी एफ. एस च्या आधी व्ही आहे म्हणून कॉन्स्टान्स गेला. व्ही च्या आधी उजव्या बाजूला एन नाही आणि ऑगच्या आधी एक्स नाही म्हणून कॉन्स्टंटाइन गेला. उरला कॉन्स्टॅन्शियस दुसरा, आणि तो ऑगस्टस आहे म्हणजे साल ३३७ नंतरचं. याने संदर्भाचा खंड पण बदलतो, आरआयसीचा ('रोमन इम्पीरियल कॉइनेज' हा रोमन नाण्यांचा संदर्भग्रंथ) ७ वा खंड ३१३ ते ३३७ चा आणि ८ वा ३३७ ते ३६४ चा, तेव्हा चुकीचा सम्राट धरलात तर तुम्ही चुकीच्या खंडात तासन्‌तास शोधत बसणार आणि नाणं सापडणारच नाही. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीचा ओसीआरई हा ऑनलाइन कॅटलॉग फुकट आहे, त्यात मागचं चित्र आणि टाकसाळ टाकून शोधा, नाव शेवटी टाका.

चांदीच्या डेनॅरियसमध्ये हाच त्रास 'अँटोनिनुस' नावाने होतो, थोडक्यात सांगते. 'अँटोनिनुस पिउस ऑग' एवढंच असेल तर तो अँटोनिनस पायस नाही, तो काराकाला! खऱ्या अँटोनिनस पायसच्या (१३८ ते १६१) नाण्यावर सहसा 'अँटोनिनुस ऑग पिउस' असा क्रम असतो, ऑग आधी, आणि पुढे पी पी. काराकालाला २१० पासून नावाच्या शेवटी 'ब्रिट' आणि २१३ पासून 'जर्म' लागतं. आणि आधी 'इम्प' लागून 'इम्प अँटोनिनुस पिउस ऑग' असेल तर बहुतेक एलागाबालुस, मागच्या बाजूला मोकळ्या जागेत तारा असेल तर खात्री अजून वाढते. इथेही नावाच्या भोवतालचे शब्दच बोलतात.

आता वर्णन कसं लिहायचं, कारण निम्मी भांडणं तिथेच होतात. जे दिसतं ते आणि जे तुम्ही ठरवलंत ते वेगळं ठेवा. लेजंड लिहिताना न दिसणारी अक्षरं चौकोनी कंसात टाका, स्वतःच्या मनाने भरलेलं अक्षर उघड्यावर लिहू नका. लेजंड जिथे तुटतं तिथे छोटी आडवी रेघ द्या, ती फार कामाची असते, बरेच जण ती देतच नाहीत. या नाण्यांची त्या काळातली नेमकी नावं काय होती यावर वाद आहे म्हणून व्यासावरून लिहिणं सुरक्षित: २५ मिलिमीटरच्या वर एई१ (एई म्हणजे तांबं किंवा कांसं), २१ ते २५ एई२, १७ ते २१ एई३, त्याखाली एई४. वजन दोन दशांशापर्यंत द्या पण वजनावरून काळ ठरवताना जपून, गंजलेलं नाणं हलकं होतं. आणि दोन उमेदवारांवर गाडी अडली तर 'कॉन्स्टॅन्शियस दुसरा किंवा कॉन्स्टान्स, ३४७-३४८' असं लिहा, ते पूर्ण आणि प्रामाणिक वर्णन आहे, त्याला अर्धवट समजू नका.

आपल्याकडे याचा थेट संबंध येतो तो दक्षिणेतल्या नाण्यांशी. तमिळनाडूत करूर, मदुराई भागात आणि श्रीलंकेत चौथ्या-पाचव्या शतकातली ही छोटी तांब्याची रोमन नाणी सापडलीत, बरीचशी वापरून गुळगुळीत झालेली, आणि श्रीलंकेत तर त्यांच्या स्थानिक नकला पण आहेत ज्यांच्यावर अक्षरांच्या जागी नुसत्या रेघा येतात. तसंच ३५० च्या दशकात गॉल (आजचा फ्रान्स) आणि ब्रिटनमध्ये घोड्यावरून पडणाऱ्या शत्रूच्या चित्राच्या ढिगाने नकला झाल्या. अशा नाण्यावर दोन अक्षरांची युक्ती लावायला जाऊ नका, ठसा कोरणाऱ्यालाच लॅटिन येत नव्हतं, तिथे 'अमुक प्रकाराची नकल' असं लिहून वजन, व्यास आणि दोन्ही बाजूंचा आडव्या प्रकाशातला फोटो द्या. विकणाऱ्याने 'मदुराईत सापडलं' सांगितलं असेल तर ते 'विक्रेत्याच्या म्हणण्यानुसार' असंच लिहायचं, सापडल्याचं ठिकाण म्हणून नाही. आणि १०० वर्षांपेक्षा जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतं, त्यामुळे ओळख पटवायला म्हणून ते परदेशात कुरियर करू नका, फोटो पाठवा.